सत्तावीस दोषांचा ब्लॉक

माझे वडील विक्रोळीच्या एका कारखान्यात तपासनीस होते. म्हणजे बाकीच्यांनी दिवसभर राबून केलेला माल ते संध्याकाळपर्यंत नापास करत. या कामात त्यांची तीस वर्षं गेली होती आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. घरी ताटात भाकरी पडली तरी आधी ती उजेडाकडे धरून बघायचे. आई म्हणायची, खायची असेल तर खा, नाहीतर परत पाठवा. ते खायचे, पण बघून झाल्यावर.

आम्ही कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा, आई आणि मी. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कंपनीत टायपिस्ट होते. बाबांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि निवृत्त झालं की क्वार्टर सोडायचं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. तरी अठ्ठावीस वर्षं ते कोणाच्या मनात आलं नव्हतं. शेजारचे एक जण क्वार्टर सोडून गेले आणि त्यांच्या दारावर दुसऱ्याच आडनावाची पाटी लागली, तेव्हा बाबांनी घर बघायला घेतलं. हे पंच्याऐंशी साल असावं.

त्याच सुमाराला आईच्या डोळ्यांचं निघालं. ती दाराच्या चौकटींना खांदे आपटायला लागली होती. बाजूने जाणाऱ्या ओळखीच्या बायकांकडे बघायची नाही, त्यामुळे मुलगी नोकरीला लागल्यापासून हिला शिंगं फुटली आहेत असं वसाहतीत बोललं जाऊ लागलं. खरं म्हणजे तिला बाजूचं दिसतच नव्हतं. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासून काचबिंदू असल्याचं सांगितलं. गेली ती नजर परत येणार नाही, उरली आहे ती थेंब टाकून जेवढी टिकेल तेवढी टिकवायची. बाबांनी विचारलं, साधारण किती टिकेल? दोन वर्षं, अधिक-उणे सहा महिने, असं काही? डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही. बाबांना हे उत्तर मुळीच आवडलं नाही. बसमध्ये ते मला म्हणाले, की या माणसाला आमच्या खात्यात कोणी ठेवलं नसतं.

तेव्हा घर घ्यायचं ते आईच्या डोळ्यांचा विचार करून, एवढं पक्कं झालं. बाबांनी त्यातून असा निष्कर्ष काढला की घराला भरपूर उजेड पाहिजे. मलाही ते पटलं. आईला आम्ही विचारलं नाही. डोळे तिचेच असल्यामुळे तिला वेगळं विचारायची गरज वाटली नसावी.

पहिली जागा बोरिवलीला होती. पूर्वेला, स्टेशनपासून बरीच आत. तिथे इमारत नव्हती. जोत्यापर्यंत काम आलं होतं आणि पुढचं सगळं पत्र्याच्या शेडमध्ये एका काचेच्या पेटीत होतं. पेटीत पुठ्ठ्याच्या दोन इमारती, स्पंजची झाडं, एक लाल मोटार आणि हिरवळीवर उभी असलेली बोटाएवढी माणसं. बिल्डरचा माणूस बाबांना काका आणि आईला मावशी म्हणत होता. लोकेशन एकदम झकास आहे काका, पुढच्या वर्षी याच पैशात याच्या अर्धंपण मिळणार नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. बाबांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ते सरळ बाहेर गेले, वाळूच्या ढिगातून मूठभर वाळू घेऊन तळहातावर चोळली, सळ्यांची जाडी मोजली, विटेवर वीट आपटून तिचा आवाज ऐकला. इतके खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं. अजून न झालेली इमारत ही तपासनिसाच्या दृष्टीने उत्तम गोष्ट असते. तिच्यातले सगळे दोष अजून टाळता येतात.

आई आणि मी पेटीपाशी थांबलो होतो. बिल्डरच्या माणसाने पेन्सिलीने काचेवर टकटक केलं आणि तिसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्यातला ब्लॉक दाखवला. पूर्वेची मोठी खिडकी, मावशी, सकाळचं ऊन थेट किचनमध्ये. आई वाकली, डोळे अगदी काचेजवळ नेले आणि बराच वेळ बघत राहिली. मग छान आहे म्हणाली. ती बघत होती ती शेजारची इमारत होती. माझ्या ते लक्षात आलं, त्या माणसाच्या आलं नाही. मी काही बोलले नाही.

आईने त्याला एकच प्रश्न विचारला, केव्हा मिळेल? अठरा महिन्यांत मावशी, लिहून देतो, असं तो म्हणाला. मग त्याने मला लाद्यांचे तीन नमुने दाखवले, यातली तुम्हाला आवडेल ती घालू. माझं मत तिथेच बोरिवलीला पडलं. अंधेरीचं ऑफिस तिथून सोयीचं होतं आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी रंग विचारला होता.

दुसरी जागा मुलुंडला होती. बाबांच्या खात्यातल्या एकाने सुचवली. वीस वर्षांची जुनी सोसायटी, तळमजल्यावरचा वन बेडरूमचा ब्लॉक, मालक एक निवृत्त शाळामास्तर. त्यांची बायको वारली होती आणि ते नाशिकला मुलाकडे जाणार होते. खिडकीला लागून आंब्याचं झाड होतं, त्यामुळे सकाळी अकरा वाजता आम्ही गेलो तेव्हा स्वयंपाकघरात दिवा जळत होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून वही काढली.

घर बघायला जाताना ते खिशात स्पिरिट लेव्हल, ओळंबा आणि काचेची एक गोटी ठेवायचे. त्यांनी गोटी हॉलच्या दारात जमिनीवर ठेवली. ती जरा विचार केल्यासारखी थांबली, मग हळूहळू हॉलमधून पॅसेजमध्ये गेली, तिथून सरळ मोरीच्या कठड्याला जाऊन लागली. मास्तर तिच्या मागोमाग चालत गेले. इथे वीस वर्षं राहिलो पण हे माहीत नव्हतं, असं ते कौतुकाने म्हणाले. बाबांनी पुढे पॅसेजमधली एक लादी सुटलेली आणि पाय पडला की खडखडणारी, स्वयंपाकघराचा उंबरा नको एवढा उंच, ओटा डावीकडे उतरता, मागचं दार दमट हवेने फुगून रडणारं, भिंतीला ओल, नळाला घरघर असं एकेक टिपून घेतलं. प्रत्येक दोषाला क्रमांक दिला. सगळे मिळून सत्तावीस झाले. मास्तरांना ते वाचून दाखवताना त्यांचा आवाज अगदी सौम्य होता. नापास करताना ते नेहमी सौम्य व्हायचे.

या सगळ्यात आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मास्तरांना विचारलं, चहा मी करू का? मास्तर गोंधळले, तुम्ही पाहुण्या, असं काहीतरी पुटपुटले, पण ती आत गेलीसुद्धा. परक्या घरात जाऊन चहा करणारी बाई आमच्या घरात तोवर कोणी पाहिली नव्हती. दहा मिनिटांनी ती चार कप ट्रेमध्ये घेऊन बाहेर आली. उंबरा ओलांडला, पॅसेजमधली लादी खडखडली, आणि ट्रे टेबलावर आला तेव्हा बशीत एक थेंब नव्हता. स्वतःच्या घरात तिने ट्रे उचलणं चार महिन्यांपूर्वीच सोडलं होतं.

तिथून बाहेर पडल्यावर बाबा म्हणाले, बोरिवली. मीही म्हटलं, बोरिवली. आईने फक्त विचारलं की गावाला कौल लावायला कळवलंय का.

आमचं गाव मालवणकडचं. मोठी गोष्ट करायची तर ग्रामदेवतेला विचारायचं, असा आमच्याकडे रिवाज. गुरव देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बाबांचा यावर विश्वास नव्हता, पण न विचारता काही केलं असंही कधी झालं नव्हतं. त्यांनी गावी असलेल्या माझ्या काकांना आंतर्देशीय पत्र लिहिलं. त्यात त्यांनी तपासणीच्या शिस्तीप्रमाणे दोन स्वतंत्र प्रश्न काढले होते. एक, बोरिवलीचा नवा ब्लॉक घ्यावा का? दोन, मुलुंडचा जुना ब्लॉक घ्यावा का? एकाचं उत्तर दुसऱ्यात मिसळू नये म्हणून मधे नारळ ठेवून वेगवेगळे लावावेत, अशी सूचनाही खाली होती.

पंधरा दिवसांनी काकांचं उत्तर आलं. देवाने दोन्ही वेळा उजवा दिला होता. गुरवाचं म्हणणं होतं की देव तुमच्यावर प्रसन्न आहे. एकाच कामासाठी तिसऱ्यांदा विचारलेलं त्याला खपत नाही, तेव्हा पुढचं तुमचं तुम्ही बघा. बाबांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांच्या आयुष्यात दोन्ही नग पास झाल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. त्यांनी पत्राची घडी केली आणि देवाने नीट पाहिलं नसणार असं म्हणाले.

त्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ते कागद घेऊन बसले. मधोमध रेघ, एका बाजूला बोरिवली, दुसऱ्या बाजूला मुलुंड. किमतीत फारसा फरक नव्हता, तो प्रश्न त्यांनी आधीच निकालात काढला होता. आई जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. हल्ली ती डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त निवडायची. माझ्याशी बाबा शाळेतलं मराठी बोलायचे, पण ती दोघं आपसात मालवणीच बोलायची. बाबांनी तिला पूर्वेच्या खिडकीबद्दल सांगायला सुरुवात केली. सकाळचं ऊन ओट्यावर येणार, दिवा लावावा लागणार नाही, सगळं तुझ्याच सोयीचं.

आईने सूप खाली ठेवलं.

"अठरा महिन्यांनी माका ती खिडकी दिसतली काय?"

बाबा म्हणाले, डॉक्टर तसं काही बोलले नाहीत.

"दिसतली म्हणान पण सांगूक नाय." ती म्हणाली. "माका आता दिसता हा. आता जा घर आसा, ता माका दाखवा. एकदा नीट बघून ठेवलंय, की मगे दिसला काय, नाय दिसला काय, मी वावरतलंय."

ती हे भाजी कोणती करू विचारावं तितक्याच साधेपणाने बोलली. इतके दिवस आम्ही तिच्यासाठी उजेड शोधत होतो आणि ती दिवस मोजत होती. मला त्या लाद्यांच्या तीन नमुन्यांची लाज वाटली. ती फार काळ टिकली नाही, ते पुढे येईलच.

बाबांनी शेवटचा प्रयत्न केला. मुलुंडच्या ब्लॉकात सत्तावीस दोष आहेत म्हणाले.

"असूंदे," आई म्हणाली आणि सूप परत हातात घेतलं.

आम्ही मुलुंडचा ब्लॉक घेतला. बोरिवलीच्या अठरा महिन्यांची पुढे पाच वर्षं झाली आणि तेवढ्यात पूर्वेच्या खिडकीसमोर दुसरी इमारत आली, असं कानावर आलं. आई बरोबर होती. पण बरोबर असल्याचा फायदा तिला मिळू द्यायला आम्ही पाहिजे होतो.

क्वार्टर ताब्यात असतानाच आम्ही मुलुंडला राहायला गेलो, कारण आईला वेळ घालवायचा नव्हता. एका शनिवारी मी अर्ध्या दिवसाने घरी आले, तर दार नुसतं लोटलेलं होतं आणि आई डोळे मिटून हॉलमधून चालत होती. मी दारातच थांबले. तिने पॅसेजमध्ये पाय टाकला, तिसरी लादी खडखडली, ती डावीकडे वळली, पायाने उंबरा चाचपला, आत गेली आणि हात थेट ओट्यावर ठेवला. परत आली. आता खडखड झाली तरी वळली नाही, उतारावरून सरळ मोरीत गेली. मग डोळे उघडले आणि मला पाहिलं. पकडली गेल्यासारखी हसली.

तिने मला सगळं सांगितलं. लादी वाजली की डावीकडे स्वयंपाकघर. पायाखाली उतार लागला की मोरी. मागचं दार रडलं की वारा सुटलाय, कपडे आत घ्यायचे. नळ घरघरला की पाणी यायला पाच मिनिटं. बाबांनी टिपलेले बहुतेक दोष तिने कामाला लावले होते. फक्त हे त्यांना सांगू नकोस म्हणाली. त्यांना कळलं तर दिवसभर मागे मागे फिरतील, मला धड चालू देणार नाहीत. मी वचन दिलं.

पुढच्या वर्षी जूनमध्ये बाबा निवृत्त झाले. त्यांना नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. तपासनीस माणूस दिवसभर घरी बसला तर तो काय बघणार? घरच. आठवडाभरात वही बाहेर आली. गणपतीला आई गावी जाणार होती. दरवर्षी दोघं जायची, पण या वेळी बाबांनी निवृत्तीच्या कागदपत्रांचं कारण काढलं आणि तिला गाववाल्यांसोबत काकांकडे तीन आठवड्यांसाठी पाठवून दिलं. ती गेली त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं. ती परत येईपर्यंत सगळे दोष काढून टाकायचे, तिला सांगायचं नाही. तिचं बिचारीचं उंबऱ्याला अडखळून काही झालं तर काय करायचं? मग त्यांनी विचारलं, "लादी कुठली घेऊया?"

मला माहीत होतं. हे मी आजवर कोणाला स्पष्ट सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. बाबांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. त्या वर्षी मला बघायला मंडळी यायची. पोह्यांच्या बशा घेऊन मी त्या खडखडणाऱ्या लादीवरून जायचे आणि येणारे लोक ओल आलेल्या भिंतीकडे बघत बसायचे. दोन नकार आले होते, आणि ते भिंतीमुळे आले असं मानणं मला सोयीचं होतं. वचन दिलंय, कसं सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं. आई येईल, नवं घर बघेल, परत पाठ करेल. अजून दिसतंय की तिला. मी म्हटलं, फिक्कट पिवळी घेऊ.

अठरा दिवस काम चाललं. बाबा स्टुलावर बसून प्रत्येक लादीवर लेव्हल ठेवत होते. जमीन सपाट झाली. उंबरा गेला. ओटा उजेड मिळावा म्हणून खिडकीखाली सरकवला. दार रंधून घेतलं, नळ बदलला, भिंतीला गिलावा केला, सोसायटीची परवानगी काढून आंब्याच्या दोन फांद्यासुद्धा उतरवल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी गोटी हॉलच्या दारात ठेवली. ती जागची हलली नाही. बाबा तिच्याकडे किती तरी वेळ बघत होते. मग सत्ताविसाव्या क्रमांकावर खूण केली आणि वही मिटली.

आई आली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. गावाहून आणलेली पिशवी तिने खाली ठेवली, चपला काढल्या आणि आत आली. बाबा हात मागे बांधून उभे होते. ती हॉलमधून नेहमीच्या चालीने निघाली, पॅसेजमध्ये तीन पावलं गेली आणि थांबली. लादी वाजायची वाट बघत थांबली. ती वाजली नाही. तिने आणखी एक पाऊल टाकलं, पायाने जमीन चाचपली, मग हात पुढे केला आणि भिंतीला टेकवला. तीन आठवड्यांत तिची नजर आणखी कमी झाली होती. गावी गर्दीत ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि ती सांगणारी नव्हती.

बाबांनी विचारलं, कसं काय वाटतं?

"बरा झाला हा," आई म्हणाली. "गार गार लागता पायाक."

मग ती खाटेवर बसली आणि माझ्याकडे पाणी मागितलं. माझ्या आठवणीत आईने घरात कोणाकडे पाणी मागितल्याचा तो पहिला प्रसंग.

पुढचे चार दिवस ती बहुतेक बसूनच होती. प्रवासाने दमली असेल, असं बाबा म्हणत होते. शनिवारी मी ऑफिसातून लवकर आले. बाबा सोसायटीच्या मीटिंगला गेले होते. दार उघडताच दूध करपल्याचा वास आला. आई पॅसेजच्या मधोमध उभी होती, भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात जरासे पुढे. कदाचित गोल फिरली असावी आणि मग कुठे तोंड आहे ते कळलं नसावं. साडेचारशे फुटांच्या घरात.

"स्वयंपाकघर खंय गेला गो?" तिने मला विचारलं. आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच ते माहीत करून घ्यायचं होतं.

मी गॅस बंद केला, तिला खाटेवर आणून बसवलं आणि रडले. ती रडली नाही. तिने जुनं घर पसंत केलं होतं आणि आम्ही तिला नवंच दिलं होतं, तेही ते बघायला डोळे उरले नसताना. मी म्हटलं, मला ठाऊक होतं, मी बाबांना सांगायला पाहिजे होतं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"तेंनी माज्यासाठीच केल्यानी," ती म्हणाली. "तेंका सांगा नको."

या वेळी मी वचन दिलं नाही. बाहेर गेले. मीटिंग संपली होती आणि बाबा अंगणात कुणाला तरी नव्या लाद्यांबद्दल सांगत होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. लादी, उतार, उंबरा, दार, नळ. ते ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?" मी म्हटलं, पहिल्यापासून. त्यांनी मान हलवली आणि घरात निघून गेले. याबद्दल ते मला नंतर कधीच काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते छिन्नी-हातोडा घेऊन पॅसेजमध्ये बसले आणि तिसरी लादी सैल करायला लागले. आईने आवाज ऐकून विचारलं काय करताय, तर म्हणाले, काही नाही. काम त्यांनी स्वतः डोळ्यांत तेल घालून करून घेतलं होतं, त्यामुळे लादी सुटेना. शेवटी तिचे तीन तुकडे झाले, पण ती खडखडली नाही. नव्या घराला खडखडायला वीस वर्षं लागतात. त्यांनी तुकडे गोळा केले, जागा सिमेंटने भरली, हात धुतले. मग हॉलमधली लाकडी खुर्ची उचलून पॅसेजमध्ये आणली, स्वयंपाकघराच्या वळणावर भिंतीला लावून ठेवली, पेपर उघडला आणि मोठ्याने वाचायला लागले.

पेपर ते आजवर मनातल्या मनात वाचत आले होते. वाचताना कोणी बोललेलंही त्यांना चालायचं नाही. त्या दिवशी त्यांनी अग्रलेख वाचला, हवामान वाचलं, बाजारभाव वाचले, भाड्याने जागा पाहिजे वाचलं. आई हॉलमध्ये होती. ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग उठली आणि आवाजाच्या रोखाने निघाली. खुर्चीपाशी आल्यावर तिचा हात बाबांच्या खांद्यावर पडला. तिथून ती डावीकडे वळली आणि स्वयंपाकघरात गेली. बाबांनी वाचणं थांबवलं नाही.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी डोंबिवलीला गेले. आईला तोवर उजेड-अंधार एवढंच कळायचं. बाबांची खुर्ची तिथेच होती. सकाळी पेपर, दुपारी पंचांग किंवा किराण्याच्या पुड्यांचे कागद, संपेल तसं जे हाताला लागेल ते. बाहेर जायचं असलं की उठतोय म्हणून आधी सांगायचे, आणि ते परत येईपर्यंत आई खाटेवरून हलायची नाही. मी माहेरी गेले की तिला हाताला धरून न्यायला पुढे व्हायचे. तिला ते नको असायचं. ती आधी खाटेच्या कडेला पाय सोडायची, पदर सारखा करायची आणि पॅसेजकडे तोंड करून विचारायची,

"अहो, आसात?"

"आसंय," बाबा म्हणायचे. मग ती उठायची.